एक फाइल, अनेक प्रिंटर: मराठी मजकूर पडद्यावर दिसतो तसाच कुठेही छापून यावा म्हणून

गृहनिर्माण संस्थेचा वार्षिक अहवाल घ्या. सचिव घरच्या लॅपटॉपवर वर्डमध्ये टाइप करतात, बावीस पानं भरतात. तीच फाइल ऑफिसातल्या प्रिंटरवर तेवीस पानांची होते आणि ताळेबंदाचा तक्ता दोन पानांत तुटतो. नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात ती उघडली की शीर्षकाच्या जागी रिकामे चौकोन दिसतात, नाहीतर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांच्या ओळी. सभेला दोन दिवस उरलेले असतात. सगळे प्रिंटरला दोष देतात, पण प्रिंटरचा दोष क्वचितच असतो. अक्षर कोणतं, कागद केवढा, कडेला जागा किती, हे फाइलमध्ये पक्कं झालेलं नसतं. जे पक्कं नसतं ते समोरचा संगणक आपल्या परीने ठरवून टाकतो.

म्हणून सगळे निर्णय आपल्याच संगणकावर घ्यायचे आणि बाहेर जाणाऱ्या फाइलमध्ये बदलण्यासारखं काही शिल्लक ठेवायचं नाही. हे कसं करायचं ते क्रमाने पाहू.

वर्डची फाइल जागा बदलली की का बदलते

वर्डच्या फाइलमध्ये तुमचा मजकूर असतो आणि तो कोणत्या फॉंटमध्ये दाखवायचा त्याचं फक्त नाव असतं. फॉंट स्वतः त्यात नसतो. फाइल उघडणारा संगणक ते नाव वाचतो, आपल्याकडे तो फॉंट शोधतो आणि सापडला नाही तर दुसरा लावतो. दुसऱ्या फॉंटची अक्षरं थोडी रुंद असली की ओळीतला शेवटचा शब्द खाली येतो, परिच्छेद एका ओळीने वाढतो आणि वीस पानांनंतर तक्ता तुटतो. प्रत्येक वेळी फाइल उघडली की ओळींची ही मोजदाद नव्याने होते. वर्डची आवृत्ती वेगळी असेल किंवा दुकानदार लिबरऑफिस हे वर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर वापरत असेल तर फरक आणखी वाढतो. जुन्या पद्धतीच्या डॉक फाइलींमध्ये तर निवडलेल्या प्रिंटरच्या मापांनुसारही ओळी सरकू शकतात.

छापायला वर्डची फाइल देऊच नये, असं माझं ठाम मत आहे. ती दुरुस्त्या करण्यासाठी असते. छापायला पीडीएफ द्यावी, आणि तीही नीट बनवलेली, कारण घाईत काढलेल्या पीडीएफमध्येही यातले अर्धे घोटाळे जसेच्या तसे राहू शकतात.

पहिली पायरी: अक्षर

मराठी मजकूर दोन जातींचा असतो आणि आपला कोणता हे आधी ओळखावं लागतं. मजकुराचा एक परिच्छेद निवडा आणि फॉंट बदलून विंडोजमधला निर्मला यूआय करा. मजकूर मराठीच राहिला तर तो युनिकोड आहे, म्हणजे त्यातल्या प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक आहे. एकदम इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसू लागला तर तो जुन्या पद्धतीच्या फॉंटमध्ये आहे: श्रीलिपी, कृतिदेव, एपीएस, किंवा पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएम या टायपिंगच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारे डीव्ही-टीटी फॉंट. या फॉंटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. तो विशिष्ट फॉंट असेल तरच त्या तुकड्यांतून मराठी दिसते. फॉंट गेला की मराठीही गेली.

जुन्या फॉंटमधला मजकूर फक्त छापायचा असेल तर तो युनिकोडमध्ये आणायचा खटाटोप करू नका. ज्या संगणकावर तो फॉंट आहे तिथेच पीडीएफ बनवा, फॉंट आत बसवा, काम झालं. तोच मजकूर पुढच्या वर्षी पुन्हा वापरायचा असेल तर मात्र परिवर्तक (कन्व्हर्टर) वापरून युनिकोडमध्ये आणा, आणि त्यानंतर हाताने तपासा. ‘वऱ्हाड’, ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र, रफार, पहिली वेलांटी, ‘द्ध’ आणि ‘द्व’ ही जोडाक्षरं, आणि आकडे: परिवर्तनात सर्वांत जास्त पडझड इथेच होते. ताळेबंदातला एखादा आकडा चिन्हात बदलला आणि तसाच छापला गेला तर सभेत काय होईल ते सांगायला नको.

आपला मजकूर युनिकोडमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. मंगल फॉंट प्रत्येक विंडोजवर असतोच असं अनेकांना वाटतं. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, उत्साह आणि अपराजिता हे फॉंट देवनागरीच्या पूरक संचात गेले. मराठी किंवा हिंदी भाषा जोडलेली असेल तरच तो संच आपोआप येतो. कोऱ्या, फक्त इंग्रजी विंडोजवर देवनागरीसाठी निर्मला यूआय असतो. म्हणजे तुमचा मंगलमधला अहवाल तिथे निर्मलामध्ये उघडणार आणि ओळी सरकणार. बदललेला फॉंट ओळखायला ‘ल’ आणि ‘श’कडे पाहा. मराठी वळणाचा ल जाऊन हिंदी वळणाचा आला असेल तर फॉंट बदलला, हे दुरूनही कळतं.

त्यामुळे नवं काम सुरू करताना मुक्त परवान्याचा फॉंट निवडा: मुक्त, नोटो सान्स देवनागरी, किंवा पुस्तकी वळण हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी. हे फॉंट कोणत्याही संगणकावर टाकता येतात, पेन ड्राइव्हवर फाइलसोबत देता येतात आणि त्यात परवान्याची अडचण नसते. विकत घेतलेला फॉंट दुकानदाराच्या संगणकावर टाकून देणं मात्र सहसा परवान्यात बसत नाही.

वर्डची फाइल कुणाला दुरुस्तीसाठी द्यायचीच असेल तर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह या वाटेने जाऊन ‘एम्बेड फॉंट्स इन द फाइल’वर खूण करा. तिथेच खाली ‘डू नॉट एम्बेड कॉमन सिस्टम फॉंट्स’ असा पर्याय असतो, त्याची खूण काढून टाका. ‘फक्त वापरलेली अक्षरं बसवा’ या अर्थाचा पर्यायही बंद ठेवा, कारण समोरच्याला नवा शब्द टाइप करायचा असेल तर त्याची अक्षरं हवीत. काही फॉंट बनवणाऱ्यांनी आत बसवण्याची मनाई केलेली असते. तसे फॉंट वर्ड आत घेत नाही.

अक्षराच्या आकाराबद्दल एक सांगतो. दहा पॉइंटच्या खाली मराठी मजकूर ठेवू नका. इंग्रजीला आठ पॉइंट चालतात, पण आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर अनुस्वार, रफार, मात्रा आणि खाली उकार यांची गर्दी असते. चांगल्या प्रिंटरवर त्या सुट्या दिसतात, टोनर संपत आलेल्या प्रिंटरवर त्यांचा ठिपका होतो. अक्षरामागे राखाडी रंग भरण्याची हौसही आवरावी. लेझर प्रिंटर राखाडी रंग काळ्या ठिपक्यांनी दाखवतो आणि त्या ठिपक्यांत अनुस्वार हरवतो.

दुसरी पायरी: कागद

विंडोज बसवताना प्रदेश अमेरिका ठेवला असेल, आणि अनेक संगणकांवर तो तसाच राहून जातो, तर वर्डचं नवं पान ए-४ ऐवजी लेटर मापाचं निघतं. लेटर २१६ × २७९ मिमी, ए-४ २१० × २९७ मिमी. पडद्यावर फरक जाणवत नाही. छापताना मात्र काही प्रिंटर सरळ थांबतात. नारिंगी दिवा लुकलुकतो, ट्रेमध्ये कागद असूनही ‘कागद घाला’ असा संदेश येतो, कारण प्रिंटर लेटर कागदाची वाट पाहत असतो. बाकीचे प्रिंटर गुपचूप मजकूर लहान करून छापतात.

टायपिंग सुरू करण्याआधीच लेआउट, साइझ इथे जाऊन ए-४ निवडा. चाळीस पानं झाल्यावर माप बदललं तर सगळी पानं पुन्हा जुळवावी लागतात. फाइलमध्ये विभाग पाडलेले असतील तर प्रत्येक विभागाचं माप वेगळं असू शकतं, तेव्हा सगळा मजकूर निवडून मगच माप लावा.

लीगल कागदाची गडबड खास आपल्याकडची. वर्डमधला लीगल ३५६ मिमी उंच असतो. प्रिंटरच्या यादीत ‘इंडियन लीगल’ दिसतो तो २१५ × ३४५ मिमी. काही जण ज्याला फुलस्केप म्हणतात तो सुमारे ३३० मिमी. वर्डमध्ये लीगल निवडून बाजारातला ३४५चा कागद घातला की खालचा ११ मिमी भाग गेलाच, आणि तळाशी नेमकी सह्यांची ओळ असते. प्रतिज्ञापत्र किंवा करारनामा करायचा असेल तर आधी कागद हातात घ्या, पट्टीने मोजा आणि तेच माप ‘कस्टम’मध्ये भरा.

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांसाठी इथून स्मरणिका किंवा नाटकाचं माहितीपत्रक पाठवणारे बरेच आहेत. तिथे घरोघरी लेटर कागदच मिळतो. दोन्हीकडे छापायचं असेल तर सगळा मजकूर २१० × २७९ मिमी या सामायिक जागेत, कडा सोडून, बसवा. मग ए-४वर खाली थोडी कोरी जागा राहील, लेटरवर बाजूला, आणि मजकूर कुठेच कापला जाणार नाही.

तिसरी पायरी: कडा

बहुतेक प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत. लेझरमध्ये चारी बाजूंना साधारण ४ ते ५ मिमी पट्टी कोरी राहते, इंकजेटमध्ये साधारण ३ मिमी, आणि काही इंकजेटमध्ये तळाची पट्टी त्याहून मोठी असते. पानाभोवती सुबक चौकट काढून ती कडेपासून ३ मिमीवर ठेवली तर एका प्रिंटरवर चारी रेघा येतील, दुसऱ्यावर तीनच. अनेक प्रिंटरवर जाणाऱ्या फाइलमध्ये कडेपासून १२ मिमीच्या आत काहीही ठेवू नका. पान क्रमांक आणि तळटीपही त्यात आल्या. स्पायरल बाइंडिंग करायचं असेल तर त्या बाजूला ३० ते ३५ मिमी सोडा, आणि पाठपोट छपाई असेल तर मार्जिनमध्ये ‘मिरर्ड’ निवडा, म्हणजे डाव्या-उजव्या पानांवर जागा आपोआप आलटून-पालटून सुटेल.

रेघांची जाडीही इथेच पाहा. कोरल ड्रॉ या चित्रं आणि मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘हेअरलाइन’ नावाची रेघ असते. ती प्रत्येक यंत्राच्या सूक्ष्मतेनुसार निघते. ६०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ६०० ठिपके टाकणाऱ्या, ऑफिस प्रिंटरवर एका ठिपक्याची रेघ सुमारे ०.०४ मिमी जाड, म्हणून दिसते. प्रेसमधल्या २४०० डीपीआयच्या प्लेटवर तीच ०.०१ मिमीची होते आणि छपाईत नाहीशी होते. तक्त्याच्या रेघा नेहमी आकड्यात द्या, अर्ध्या पॉइंटहून कमी नको.

चौथी पायरी: पीडीएफ

पीडीएफ अडोबीने १९९३मध्ये आणली आणि २००८मध्ये ती आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं खुलं मानक झाली. कोणत्याही यंत्रावर पान तसंच दिसावं, हाच तिचा हेतू. तरीही फॉंट आत बसवला नसेल तर पीडीएफसुद्धा दुसरीकडे बिघडते.

वर्डमध्ये ‘सेव्ह अॅज’ करून प्रकार पीडीएफ निवडा, ‘ऑप्टिमाइझ फॉर’मध्ये ‘स्टँडर्ड’ ठेवा. ‘मिनिमम साइझ’ फोटोंचा दर्जा खाली आणतो. मग ‘ऑप्शन्स’ उघडून पीडीएफ/ए या पर्यायावर खूण करा. जुन्या आवृत्तीत तिथे ‘आयएसओ १९००५-१’ असं लिहिलेलं असतं. हे २००५चं मानक दस्तऐवज दीर्घकाळ जपण्यासाठी बनलं आणि त्यात प्रत्येक फॉंट आत बसवणं सक्तीचं आहे. शिवाय त्याच्या या पहिल्या भागात पारदर्शक थरांना मनाई आहे, आणि नेमके असे थर जुन्या प्रिंटरवर अडचण करतात. आपल्या कामाला ही दोन्ही बंधनं पथ्यावर पडतात. लिबरऑफिसमध्ये ‘एक्स्पोर्ट अॅज पीडीएफ’मध्ये पीडीएफ/ए मिळतं.

‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ वापरलं तर त्याचं कागदाचं माप वेगळं तपासा. तो विंडोजच्या लेखी एक प्रिंटरच असतो आणि त्याचं माप लेटर असू शकतं.

फोटो असतील तर त्याआधीच वर्डच्या ऑप्शन्समध्ये, अॅडव्हान्स्ड भागात, ‘डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल’वर खूण करा. एरवी वर्ड फाइल साठवताना फोटो बारीक करतो आणि गेलेला तपशील परत येत नाही.

आता तपासणी, आणि ती टाळू नका. पीडीएफ अडोबी रीडरमध्ये उघडून कंट्रोल आणि डी दाबा, ‘फॉंट्स’ हा भाग पाहा. प्रत्येक फॉंटच्या नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ लिहिलेलं हवं. एका जरी नावापुढे ते नसेल तर फाइल बाहेर जायला तयार नाही. मग तीच पीडीएफ मोबाइलवर उघडा. तिथे तुमचे फॉंट नसतात, म्हणून ही चाचणी खरी. पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी केला तर कधीकधी अक्षरं विस्कटतात. त्याचा छपाईशी संबंध नाही, घाबरू नका.

फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा. पानाचा फोटो किंवा स्क्रीनशॉट पाठवला की अॅप तो बारीक करतं आणि छापलेली अक्षरं धुरकट येतात.

पाचवी पायरी: छापताना

दुकानातल्या प्रिंट खिडकीत तीन गोष्टी पाहायला सांगा. पहिली म्हणजे ‘अॅक्च्युअल साइझ’ की ‘फिट’. ‘फिट’ असेल तर पान काही टक्क्यांनी लहान होतं. अहवालाला चालेल, पण ठरावीक मापाचा अर्ज, लेबल, ओळखपत्र किंवा शिवणकामाचा नमुना असेल तर ते निरुपयोगी. त्यासाठी फाइलच्या एका कोपऱ्यात १०० मिमीची रेघ काढून ठेवा. पहिली प्रत निघाली की पट्टी लावा. ९७ मिमी भरली तर ‘फिट’ चालू राहिलं आहे.

दुसरी गोष्ट पाठपोट. उभ्या पानाला ‘फ्लिप ऑन लाँग एज’ हवं, नाहीतर मागचं पान उलटं येतं. तिसरी, कागदाचं माप पीडीएफमध्ये, प्रिंटरच्या सेटिंगमध्ये आणि ट्रेमध्ये एकच असावं.

एवढं करूनही मात्रा सुटल्या, जोडाक्षरं फुटली किंवा काही ओळी कोऱ्या आल्या तर प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकातला त्याला चालवणारा प्रोग्राम, फॉंट नीट हाताळत नाही असं समजा. अडोबी रीडरच्या प्रिंट खिडकीत ‘अॅडव्हान्स्ड’ दाबून ‘प्रिंट अॅज इमेज’ निवडा. पान चित्र म्हणून प्रिंटरकडे जातं, वेळ जास्त लागतो, पण अक्षर बिघडायला वाव उरत नाही. काही ड्रायव्हरमध्ये ट्रूटाइप फॉंट बिटमॅप (ठिपक्यांचं चित्र) म्हणून पाठवण्याची सोय असते, तीही याच कामाची.

पीआरएन फाइलीबद्दल

दुकानात आपलं सॉफ्टवेअर नसतं म्हणून काही जण ‘प्रिंट टू फाइल’ करून पीआरएन फाइल नेतात. ती चालेल की नाही हे प्रिंटरच्या भाषेवर ठरतं. पीआरएनमध्ये पान नसतं, तुम्ही निवडलेल्या ड्रायव्हरने त्या प्रिंटरच्या भाषेत लिहिलेल्या आज्ञा असतात. एचपीची पीसीएल, अडोबीची पोस्टस्क्रिप्ट, डॉट मॅट्रिक्सची ईएससी/पी या वेगवेगळ्या भाषा. कॅनन एलबीपी २९०० किंवा एचपी लेझरजेट १०२० यांसारख्या, आपल्याकडे खूप खपलेल्या प्रिंटरांचं काम आणखी वेगळं. पान तयार करण्याचं काम संगणकच करतो आणि प्रिंटरला त्याच्या खास बोलीत तयार ठिपके पाठवतो. त्यांच्यासाठी बनवलेली पीआरएन दुसऱ्या जातीच्या प्रिंटरवर चालत नाही. चुकीच्या प्रिंटरवर ती पाठवली की एकेका पानावर दोन-चार निरर्थक ओळी टाकत तो अख्खी रीम संपवू शकतो. तसं दिसलं की आधी ट्रे ओढून घ्या, मग संगणकावरचं काम रद्द करा, शेवटी प्रिंटर बंद करून चालू करा.

हातात फक्त पीआरएन असेल आणि मूळ फाइल हरवली असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीच्या ओळींत टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि मग पीएस अडोबी दिसलं तर ती पोस्टस्क्रिप्ट आहे, घोस्टस्क्रिप्ट या मोफत सॉफ्टवेअरने तिची पीडीएफ होते. ‘पीजेएल’च्या ओळी दिसल्या तर ‘एंटर लँग्वेज’पुढे काय लिहिलंय ते वाचा, भाषा तिथेच सांगितलेली असते. ती पीसीएल असेल तर घोस्टपीसीएल वापरून पाहा. हे काहीच नसेल तर तो जुना प्रिंटर शोधण्याला पर्याय नाही.

प्रेसमध्ये जाणारी फाइल

ऑफसेटला देताना नियम थोडे बदलतात. रंग सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांत (निळसर, किरमिजी, पिवळा, काळा), हवेत, मजकुराचा काळा फक्त काळ्या शाईचा हवा, म्हणजे चार रंग मिळून अक्षरांच्या कडा विस्फारत नाहीत. कडेपर्यंत रंग असेल तर चारी बाजूंना ३ मिमी जास्तीचा ठेवा. फोटो छापण्याच्या मापाला ३०० डीपीआय. पीडीएफ/ए ऐवजी पीडीएफ/एक्स-१ए द्या, छापखान्यांसाठीचं मानक ते आहे. कोरलची फाइल मागितली तर एक प्रत वेगळी साठवून तिच्यात सगळा मजकूर निवडा, कंट्रोल आणि क्यू दाबून त्याचे आकार करा आणि प्रेसकडे असलेल्या जुन्या आवृत्तीत सेव्ह करा. मूळ प्रत हातची जाऊ देऊ नका, कारण आकार झालेल्या अक्षरांत शुद्धलेखन सुधारता येत नाही.

फाइलसोबत चार ओळी लिहून द्या: कागदाचं माप आणि जाडी, एकूण पानं, एका बाजूने की पाठपोट, ‘अॅक्च्युअल साइझ’, प्रती किती. आणि पहिली प्रत हातात घेऊन, पान क्रमांक आणि १०० मिमीची रेघ तपासून, मगच उरलेल्या प्रती काढायला सांगा.